रेघ उठेस्तोवर

आमच्या घरात कपड्याचा साबण कधी विकत आला नाही. आई तो घरी करायची. हे आता कुणाला सांगितलं की त्याला वाटतं म्हातारा काहीतरी औषधी-बिषधी सांगतोय. हल्ली डोंबिवलीत प्रदर्शनं भरतात, तिथं तसल्या वड्या कागदात बांधून विकायला ठेवतात, वर एक वाळकं फूल चिकटवलेलं असतं. आमच्या साबणाला फूल नव्हतं. आमचा साबण विटेसारखा तपकिरी, कडेला ओबडधोबड, आणि त्याला चकलीचा वास यायचा. तो का यायचा ते पुढे सांगतो. मला सगळं ओळीनं सांगता येत नाही. शिक्षण सातवी. सुमन गेल्यापासून मी कुणाशी बोलत नाही म्हणून सुनेनं मला डॉक्टरकडे नेलेलं. तो म्हणाला, बोलत जा आजोबा, मन मोकळं करा. मी म्हटलं, मन बंद आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? मला काही होतच नाही. दुखत नाही, खुपत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. तर तो म्हणाला, बोलवत नसेल तर लिहा. म्हणून लिहितोय. सुमन म्हणजे माझी बायको. पण तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला साबणच आठवतो, म्हणून आधी साबण.

आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो, स्टेशनाच्या मागच्या अंगाला, कौलारू बैठ्या चाळीत. एक खोली, कोपऱ्यात मोरी, पण मोरीत नळ नाही. नळ सगळ्यांचा मिळून बाहेर, आणि नळाशेजारी कपडे धुवायचा काळा दगड, मधे आपटून आपटून खोलगट झालेला. सकाळी तिथं धोपटण्यांचा आवाज सुरू झाला की झोप गेली समजायची. कोण किती जोरानं धोपटतंय यावरून कुणाच्या घरी आदल्या रात्री काय झालंय ते चाळीला कळायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत कामाला होते. गाडीच्या पोटाखाली उताणं झोपायचं आणि ग्रीस भरायचं, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळे काळे. खाकी शर्ट असा व्हायचा की जमिनीवर उभा केला असता तर उभा राहिला असता. दुकानातली वडी त्या शर्टावर घासली की वडी संपायची, शर्ट तसाच. आईचं आणि त्यांचं भांडण व्हायचं ते फक्त यावरून.

‘तुमच्या शर्टाला साबण आणू का घरात डाळ आणू, एकदा काय ते सांगा,’ आई म्हणायची.

‘मला काय सांगतेस? गाडीला सांग, जरा आंघोळ करत जा म्हणून.’

आई उल्हासनगरला एका सिंधी घरी पापड लाटायला जायची. तिथली म्हातारी, तिला सगळे दादी म्हणायचे, ती तळणाच्या उरलेल्या तेलाचा साबण करायची. आईनं पापड लाटता लाटता तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. तेल किती, कास्टिक सोडा किती, पाणी किती. भांडं कसलं घ्यायचं तेवढं दादीनं सांगितलं नाही. तिच्याकडे सगळं लोखंडाचं, तिच्या डोक्यातच आलं नसेल. आमच्याकडे होतं जर्मनचं पातेलं. अॅल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मनच म्हणायचे. घरातलं सगळ्यात मोठं भांडं तेच, आईच्या लग्नात आलेलं. आईनं त्यात पाणी घेतलं, कास्टिकचे खडे टाकले, आणि ते पातेलं बोलायला लागलं. आधी बारीक चुरचुर, मग फसफस, मग अशी वाफ की आई पदर नाकाला लावून बाहेर पळाली आणि तिच्या मागे मी. बऱ्याच वेळानं आत डोकावलो तर मोरीतून काळं पाणी वाहत होतं आणि पातेल्याच्या तळाला भोक. अण्णा संध्याकाळी आले, त्यांनी पातेलं उचलून भोकातून आईकडे बघितलं.

‘साबणानं भांडी घासतात असं मी ऐकलेलं. तुझ्या साबणानं भांडंच खाल्लं.’

‘हसा. त्याच पातेल्यात तुमचं कालवण व्हायचं. आता खा ग्रीस.’

दुसऱ्या दिवशी अण्णांनी लोखंडी घमेलं आणलं, बांधकामावर असतं तसलं. कुठून आणलं ते आईनं विचारलं नाही. आणि डेपोतल्या भंगारात पडलेल्या क्लचच्या केबलीतून उसवून एक बारीक तार आणली. तिच्या दोन टोकांना लाकडाचे तुकडे बांधून दिले. वड्या कापायला. ती तार अजून माझ्याकडे आहे. घमेलं गेलं, चाळ गेली, तिथं आता सात मजले उभे आहेत, तार आहे. तिला गंज चढत नाही, सारखी साबणातून जायची म्हणून असेल.

आता रीत सांगतो. घाई करून चालत नाही, म्हणून मीही घाई करत नाही. कास्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कास्टिकवर नाही ओतायचं, नाहीतर तोंडावर उडतं. ते आपलं आपण उकळल्यासारखं गरम होतं. अंगणात ठेवून गार होऊ द्यायचं. तोवर तेल फडक्यातून गाळून घमेल्यात घ्यायचं. मग एकानं कास्टिकच्या पाण्याची बारीक धार सोडायची आणि दुसऱ्यानं ढवळायचं. आई धोपटण्यानं ढवळायची, कपडे धोपटायचं तेच. एकाच दिशेनं, एकाच चालीनं, आणि थांबायचं नाही. थांबलात की तेल वर, पाणी खाली, माल फुटला. फुटलेल्या मालाचं काही होत नाही. तो कपड्याला लावला तर कपडा जळतो, अंगाला लागला तर कातडं. नुसता खड्डा करून पुरायचा. मधेमधे आई धोपटणं वर उचलायची आणि त्यावरून गळणारी धार मालावर फिरवायची. धार बुडून गेली तर अजून झालं नाही. धारेची रेघ वर उठून तशीच राहिली की झालं. रेघ उठली, असं ती म्हणायची. रेघ उठेस्तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मग तो माल फळांच्या खोक्यात ओतायचा, वर गोणपाट टाकायचं, चिंचेच्या पाण्यानं हात धुवायचे. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या आणि खाटेखाली फळ्यांवर मांडून ठेवायच्या. लगेच वापरायचा नाही. कोवळा साबण हाताला चावतो. महिनाभर वाळला की शहाणा होतो.

आणि शर्ट धुऊन झाला की आईची एक सवय होती. ओला शर्ट पिळायच्या आधी ती नाकाला लावायची. कॉलर, काखा, बाह्या, सगळीकडे हुंगून बघायची. डिझेल गेलं का ते बघायला. बहुतेक वेळा म्हणायची, ‘अजून येतोय,’ आणि परत साबण लावायची.

अण्णा दारात बिडी ओढत बसलेले असायचे. ‘अगं तो माझा वास आहे. तो नाही जायचा.’

‘तुमचा असता तर चाललं असतं. हा गाडीचा आहे.’

चकलीच्या वासाचं आता सांगतो. दिवाळी झाली की चाळीत घराघरात तळणाचं तेल उरायचं, काळं झालेलं. चकल्या, करंज्या, शंकरपाळे निघून गेले की ते तेल कशातच घालता येत नाही, आणि बायकांच्यानं फेकवतही नाही. आमच्या पहिल्या चांगल्या घाण्यानंतर काशीमावशीनं आपलं तेल आणून दिलं. काशीमावशी शेजारच्या खोलीतली. तिचं आणि आईचं दिवसातून दोनदा वाजायचं आणि तीनदा चहा व्हायचा. तिचं बघून मग सगळी चाळच तेल आणून द्यायला लागली. ठरलेलं असं की सगळ्यांचं तेल एकत्र, निम्म्या वड्या त्यांना परत, निम्म्या आमच्या. चाळीचा वर्षाचा साबण सुटला, आमचाही सुटला, आणि उरलेल्या वड्या आई पापडवाल्या घरांत विकायची.

‘रखमे, माझं शेंगदाण्याचं आहे हां,’ काशीमावशी आईला डबा देताना म्हणायची. ‘त्या कोपऱ्यातलीच्या पामतेलात बुडवू नकोस.’

‘वड्यांवर नाव घालू का तुझं? काशीबाई शेंगदाणेवाल्या?’

काशीमावशीची मुलगी सुमन. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, आगाऊ, पण हात असा स्थिर की कास्टिकची धार तिनं सोडली तर दोऱ्यासारखी पडायची. माझा हात थरथरायचा म्हणून आईनं मला धारेवरून काढलेलं. मला खोक्याला ओलं फडकं लावायचं काम. सुमन मला त्यावरून चिडवायची, ‘याला फडक्याचा साहेब केलाय.’ मी तेव्हा शाळा सोडून एका गॅरेजात जात होतो, मला मिसरूड फुटलेलं, आणि ही परकरातली पोर मला साहेब म्हणायची.

त्या दिवाळीनंतरचा घाणा सगळ्यात मोठा होता. एकाही घरानं तेल द्यायचं बाकी ठेवलं नव्हतं. माझी सुट्टी होती. दुपारची वेळ, अंगणात घमेलं मांडलेलं, आई पाटावर बसून ढवळत होती, सुमन धार सोडत होती. काशीमावशी तिच्या दारात तांदूळ निवडत होती. सगळीकडे चकलीचा शिळा वास. तेव्हा डेपोतले जाधवकाका आले. अण्णांच्या बरोबरीचे. त्यांच्या हातात अण्णांचा जेवणाचा डबा होता.

‘वहिनी, जरा उठता का?’

‘बोला ना भावोजी. हात गुंतलाय.’

‘अण्णांना छातीत कळ आली. गाडीखालीच. आम्ही लगेच दवाखान्यात नेलं.’

‘मग?’

‘नेईपर्यंत काय राहिलं नाही, वहिनी.’ आणि त्यांनी डबा खाली ठेवला. भरलेला डबा फरशीवर ठेवल्यावर जसा आवाज येतो तसा आवाज आला.

सुमनची धार थांबली. आई म्हणाली, ‘सुमे, धार सोड.’ सुमननं परत धार सोडली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं पण धार तुटली नाही. आईचा हात चालूच होता, त्याच चालीनं. काशीमावशीचं सूप पालथं झालं, तांदूळ सगळीकडे. ती धावत आली आणि आईचा खांदा धरून हलवायला लागली. ‘अगं रखमे! सोड ते! नवरा गेला तुझा!’

‘लोकांचं तेल आहे, काशे,’ आई म्हणाली.

एवढंच. तोवर चाळीतल्या बाया गोळा झाल्या. काही रडत होत्या, काही नुसत्या बघत होत्या. आईनं जाधवकाकांना विचारलं, ‘डबा खाल्ला नाही त्यांनी?’ ते म्हणाले, ‘नाही.’ आई ढवळत राहिली. मी म्हटलं, ‘आई.’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘चप्पल घाल. रेघ उठली की निघू.’ मी चप्पल घातली आणि उभा राहिलो. अण्णा गेले, असं काही मनात आल्याचं मला आठवत नाही. मला घमेलं आठवतंय. त्यात ती तपकिरी लाट एका बाजूनं फिरत होती, आणि धोपटण्याच्या लाकडाला माल चिकटल्याचा चप चप आवाज. शेवटी आईनं धोपटणं उचललं, धार फिरवली, आणि रेघ उठली. तिनं माल खोक्यात ओतला, गोणपाट टाकलं, त्याच्या कडा खोचल्या, चिंचेच्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. ‘चला,’ म्हणाली. डोळ्यात टिपूस नाही.

इथं मला एक सांगायचंय. सुमन गेली त्या सकाळी मी गॅसवर दूध ठेवलेलं. ती आत पलंगावर होती, तिचा श्वास मोठा येत होता, ऐकू येत होता, आणि मग ऐकू आला नाही. मी दूध वर येऊन खाली बसेपर्यंत उभा राहिलो, गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली आणि मग आत गेलो. मुलानं ते बघितलं. त्याला काय वाटलं असेल ते मला कळतं. चाळीला जे वाटलं तेच.

चाळीला वाटलं, ही बाई दगड आहे. गावाहून आबा आले, अण्णांचे थोरले भाऊ. शांत माणूस, वाईट नाही, पण गावात ज्याचा शब्द चालतो तसा. आल्या आल्या त्यांना कुणीतरी सांगितलंच. सुतकात घरात फोडणी नाही, तळण नाही. काशीमावशीच्या घरून भात आणि बिनफोडणीचं वरण यायचं, सुमन आणून ठेवायची. काशीमावशी स्वतः येत नव्हती. ताटली ठेवली की सुमन खाटेखाली वाकून बघायची. वड्या मी एकट्यानं कापलेल्या, खाटेखाली फळ्यांवर मांडलेल्या. आई सुतकात त्यांना हात लावणार नव्हती. खिळ्याला अण्णांचा आदल्या दिवशीचा शर्ट लटकत होता, धुवायचा राहिलेला. सुतकात साबण लावत नाहीत, म्हणून तो तसाच. आई जाता-येता त्या खिळ्यापाशी जरा हळू व्हायची. थांबायची नाही. हळू व्हायची.

एका दुपारी आबांनी विषय काढला. ‘रखमा, इथं आता काय ठेवलंय? सुतक फिटलं की खोली सोडायची आणि गावाला चलायचं. पोरगं शेतात मदत करेल. दोन घास काय जड नाहीत आम्हाला.’

‘मी इथंच राहीन,’ आई म्हणाली. ‘पापड आहेत. साबण आहे.’

‘साबण?’ आबांनी खाटेखाली बोट केलं. ‘हा कोण घेणार? माणूस गेल्या घडीला सुतक लागतं, सांगावा कधी का येईना. सुतकात केलेला माल आहे हा. चाळीतल्या एका बाईनं तरी विचारलं का, माझ्या वड्या कुठायत म्हणून?’

‘सुतक फिटल्यावर घेतील.’

‘आणि नाही घेतला तर?’

आई म्हणाली, ‘नाही घेतला तर चाळीनं मला टाकली असं मी समजेन. मग येते तुमच्याबरोबर.’

आबा बाहेर गेल्यावर मी आईला म्हटलं, जाऊ या ना गावाला, काय बिघडलं. खरं म्हणजे मला कुठंच जावंसं वाटत नव्हतं आणि कुठं राहावंसंही वाटत नव्हतं. ती म्हणाली, ‘तिथं मी कुणाच्या तरी चुलीपुढं बसणार. इथली चूल माझी आहे.’ हे ती रागानं नाही म्हणाली. चूल कुठं आहे ते दाखवावं तसं म्हणाली.

दहाव्याचं आम्ही खडवलीला नदीवर केलं. मग सुतक फिटलं त्या दिवशी सकाळी घरातलं सगळं धुवायला निघालं. अंथरुणं, पांघरुणं, पडदा, पायपुसणं. आबा सामान बांधायला सुतळी घेऊन आलेले, ती दाराशी ठेवलेली. आईनं खाटेखालची एक वडी काढली, खिळ्यावरचा शर्ट काढला, धोपटणं घेतलं आणि नळावर गेली. मी अंथरुणं घेऊन मागे. नळावर बायका होत्या. त्यांनी आईला दगड दिला, जागा करून दिली. काशीमावशी कळशी भरत होती, तिनं मान वळवली नाही. धोपटण्यांचा आवाज थांबला होता.

आईनं शर्ट भिजवला आणि साबण लावला. साबण कोवळा होता. लावतानाच तिची बोटं लाल झाली, पण तिनं हात काढला नाही. कॉलर घासली, बाह्या घासल्या, आणि मग धोपटणं घेतलं. पहिल्या धोपटण्याला काळं पाणी दगडावरून खाली आलं. ग्रीसचं पाणी. गटारापर्यंत काळी रेघ गेली. परत साबण, परत धोपटणं. पाणी करडं झालं. मग स्वच्छ झालं. शर्टाचा खाकी रंग वर आला. इतका खाकी मी तो शर्ट कधी बघितला नव्हता, नवा होता तेव्हाही नाही. तो साबण खरंच चांगला उतरलेला. मी उभा राहून बघत होतो आणि डोक्यात एवढंच येत होतं की साबण चांगला उतरलाय.

मग आईनं सवयीनं ओला शर्ट नाकाला लावला. कॉलर हुंगली. काखा हुंगल्या. बाही हुंगली, दुसरी बाही हुंगली. परत कॉलर. शर्ट उलटा केला आणि आतून हुंगला. तिचा हात भराभर चालायला लागला, जसं काही हरवलंय आणि ते याच कपड्यात असणार. खिसा बाहेर ओढून हुंगला. आणि मग ती दगडाशेजारी ओल्यात खाली बसली.

‘काशे,’ ती म्हणाली, ‘काहीच नाही राहिलं गं यात.’

आणि तिनं हंबरडा फोडला. मी तसला आवाज माणसाच्या घशातून त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. स्टेशनवरची माणसं बघायला लागली. ती शर्ट तोंडावर दाबून पुढे-मागे हलत होती आणि म्हणत होती, ‘मीच धुतलं. मीच धुवून टाकलं गं.’ काशीमावशीनं कळशी तिथंच टाकली. ती आईच्या शेजारी ओल्यात बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाकीच्या बायाही आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी नुसतं धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं काशीमावशीनं आईच्या हातातून शर्ट सोडवून घेतला. तिनंही तो हुंगला. का हुंगला कोण जाणे. आईला खोटं पाडायला असेल, काही वास राहिला असेल तर सांगायला. तिनं मान हलवली. शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला. दगडावर राहिलेली वडी उचलली, तिच्यावरचा फेस बोटानं पुसला आणि रडत रडतच म्हणाली, ‘घाणा चांगला झालाय, रखमे. माझ्या वाटणीच्या वड्या कुठायत?’

तिन्हीसांजेच्या आत सगळ्या बाया आल्या. कुणी ताट घेऊन, कुणी पदरात. आई खाटेवर पडून होती, डोळे सुजलेले. सुमन खाटेखाली शिरून वड्या काढून देत होती आणि मी वाटत होतो. कोवळा आहे, महिनाभर वापरू नका, असं मी प्रत्येकीला सांगत होतो आणि सुमन खाटेखालून ओरडत होती, ‘फडक्याचा साहेब साबणाचा साहेब झाला!’ आणि मग गप्प बसायची, आपण कुठल्या घरात आहोत ते आठवून. आबा दारात बसलेले. सुतळी तशीच पडलेली. सगळ्या गेल्यावर ते आत आले, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एकटेच गावाला गेले. जाताना दोन वड्या पिशवीत घातल्या. ‘गावाला दाखवतो,’ म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायचं असणार, पण ते एवढंच म्हणाले.

मी मात्र त्या दिवशीही रडलो नाही. दोरीवर तो शर्ट वाळला, काशीमावशीनं घडी करून दिला, आणि पुढे मी तोच घालून एका कंपनीत कामाला लागलो. पुढचं बरंचसं घरातल्यांना माहीत आहे. सुमन माझ्या घरात आली ती साबण शिकूनच आली. आई थकल्यावर दरवर्षी घाणा तीच घालायची, आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकच्या गॅलरीत, सोसायटीच्या बायका नाक मुरडायच्या तरी. तार तीच. आणि माझे शर्ट धुऊन झाले की पिळायच्या आधी ती नाकाला लावायची. माझ्या कपड्याला ग्रीस नव्हतं, मी पॅकिंगला होतो. तरी लावायची. ‘काय बघतेस?’ मी विचारायचो. ती म्हणायची, ‘आहे का बघते.’ मला वाटायचं, आईची सवय उचलली, डिझेल बघायची.

तिनं शेवटचा घाणा घातला त्यातली एक वडी राहिलीय. खिडकीत आहे, वाळून दगड झालीय, आईच्या भाषेत फार शहाणी झालीय. सुमनचं एक पातळ माझ्या उशाखाली आहे, शेवटच्या दिवसातलं. त्याला औषधाचा वास आहे, आणि खाली दुसरा एक. सून चांगली आहे. दर आठवड्याला विचारते, ‘बाबा, आईंचं ते पातळ मशीनला टाकू का?’ मी सांगितलंय तिला, मशीनला नको, मी हातानं धुतो, तिच्याच साबणानं. रविवारी धुतो. कुठल्या रविवारी ते सांगितलेलं नाही.